सिसॲडमिनचा डीबीए होताना

सिसॲडमिन म्हणून, म्हणजे सर्व्हर सांभाळत, लिनक्सवर काही वर्षं काढली असतील, तर डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, लागणारं बरंचसं तुमच्याकडे आहे: स्टोरेज, मेमरी, नेटवर्क, मध्यरात्रीचा फोन उचलायची सवय. एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या भाषेची, धास्ती नको. रोज थोडं केलं की जॉइन (तक्ते जोडणं), इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची), एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) यांवर हात बसतो.

धास्ती धरा ती जुन्या सवयींची. डिस्क ९५ टक्के भरली की आपण डीयू (जागा कशाने खाल्ली ते दाखवणारी कमांड) मारतो, मोठ्या लॉग फायली शोधतो आणि उडवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे करू नका. त्याच्या पीजी-वॉल फोल्डरमध्ये १६ एमबीच्या शेकडो फायली दिसतील. मला त्या कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो. प्रत्येक बदल डेटा फायलींत उतरण्याआधी इथे लिहिला जातो. सर्व्हर अचानक पडला, तर याच नोंदी वाचून तो सावरतो. त्या पुसल्या, तर तो कदाचित चालूच होणार नाही. फोल्डरचं जुनं नाव पीजी-एक्सलॉग. साधे लॉग समजून लोक ते रिकामं करत, म्हणून २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये नाव बदललं.

फोल्डर का फुगलं ते बघा. बहुधा आर्काइव्ह कमांड (या फायली दुसरीकडे जपून ठेवणारी) फेल होत असते, नाहीतर बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा) स्लॉट तसाच राहिलेला असतो आणि सर्व्हर त्याच्यासाठी नोंदी साठवत बसतो. आवृत्ती १३ पासून यावर मर्यादा घालता येते, पण ती आपण घालावी लागते. आर्काइव्ह दुरुस्त करा, नको तो स्लॉट काढा; पुढच्या चेकपॉइंटनंतर (तोवरचे बदल डेटा फायलींत उतरवून झाले की) जागा सुटू लागते. तोवर व्हॉल्यूम वाढवा, डिस्कची जागा वाढवायचं एलव्हीएम तुम्हाला येतंच.

प्रोसेस जबरदस्तीने मारणारं किल मायनस नाइनही विसरा. एका क्वेरीच्या प्रोसेसवर चालवलंत, तरी सगळ्यांची कनेक्शनं तुटतात. एखादी क्वेरी थांबवायला पीजी-कॅन्सल-बॅकएंड आहे.

डंप, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नोत्तरांचे संच, पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट मला अजिबात पटत नाही. आणि ‘ही कमांड मार, काम होईल’ एवढंच सांगणाऱ्या सीनियरपेक्षा ‘आधी कारण सांग’ म्हणून अडवणारा धरा. त्रास होईल, पण तोच तुम्हाला घडवेल.

कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेवरचा जाहीर अहवाल नक्की वाचा. चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली आणि पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या टूलने घ्यायचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने तयारच होत नव्हते, हे तेव्हा कळलं. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. तुमच्याकडचा बॅकअप या आठवड्यात वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा.