एक्स-बार चार्टवर सगळे बिंदू मध्यरेषेला चिकटलेले, तरी माल परत येतोय? माझा अनुभव

भोसरीत आमच्याकडे दोन स्पिंडलच्या (माल फिरवणाऱ्या दांड्यांच्या) सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, बुश (पोकळ गोल नळकांडी) बनतात. बाहेरच्या व्यासाचा एक्स-बार चार्ट (दर वेळी मोजलेल्या काही नगांच्या सरासरीचा आलेख) इतका शांत, की सलग 15 बिंदू मध्यरेषेपासून एका सिग्माच्या, म्हणजे मध्यरेषा ते लिमिट या अंतराच्या एक तृतीयांशाच्या, आत. तरी असेंब्लीतून काही बुश घट्ट, काही सैल म्हणून परत यायचे. मायक्रोमीटर बदलला, लिमिट्स (चार्टवरच्या वरच्या-खालच्या नियंत्रण रेषा) पुन्हा काढल्या, फरक शून्य. पार वैताग आला होता.

कारण ट्रेमध्ये होतं. दोन्ही स्पिंडलचा माल एकाच ट्रेमध्ये पडायचा आणि तिथूनच पाच नग उचलले जायचे. स्पिंडलमधला फरक सबग्रुपच्या (एका वेळी मोजलेल्या त्या पाच नगांच्या गटाच्या) आतच आल्याने रेंज, म्हणजे गटातल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापातला फरक, फुगायची, आणि तिच्यावरून निघणाऱ्या लिमिट्सही; म्हणून बिंदू मध्यरेषेला चिकटलेले दिसायचे.

आधी ट्रे वेगळे करा, नगावर मार्करने स्पिंडल नंबर टाका. मग एकाच स्पिंडलचे सलग पाच नग म्हणजे एक सबग्रुप. असे प्रत्येक स्पिंडलचे 25 सबग्रुप, आणि प्रत्येक स्पिंडलचा चार्ट वेगळा. पहिल्यांदा आर चार्ट (रेंजचा आलेख): वरची लिमिट सरासरी रेंज गुणिले 2.114, खालची शून्य. तो स्थिर दिसल्याशिवाय एक्स-बारला हात लावू नका. त्यानंतर एक्स-बारच्या लिमिट्स: एकूण सरासरीच्या वर-खाली 0.577 गुणिले सरासरी रेंज.

दोन चार्टच्या मध्यरेषा वेगळ्या निघाल्या. दुसऱ्या स्पिंडलचा टूल ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) तेवढा दुरुस्त केला आणि परत येणारा माल थांबला. ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) मात्र या चार्टवर आखू नका. तो एकेका नगासाठी असतो, सरासरीसाठी नाही.