सात तुकड्यांच्या फ्लाय रॉडच्या कड्या एका रेषेत ठेवण्यासाठी

फ्लाय रॉड म्हणजे नकली माशी लावून मासे पकडायची लवचीक काठी, आणि कड्या म्हणजे तिच्यावरची गळाची दोरी ओवायची वळी. ९ फुटी रॉड चार तुकड्यांत केला तर साधारण ७० सेंमीची जुडी होते. सात तुकड्यांत ती ४५ सेंमीच्या आसपास येते आणि पाठपिशवीत सहज मावते. पण सांधे सहा! प्रत्येक सांधा जरासा फिरला, की कड्या वाकड्यातिकड्या होतात.

१. कड्या दोऱ्याने बांधण्याआधी रॉड पूर्ण जोडा. कड्या नुसत्या चिकटपट्टीने लावा आणि मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून बघा. घाई नको, सगळं काम इथेच आहे.

२. सगळ्या एका ओळीत दिसल्या, की प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. वर इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लेपाचा) हात दिला की ठिपका टिकतो.

३. नदीवर जोडताना ठिपके पाव फेरा हुकवून तुकडा आत सरकवा, मग दाबत दाबत समोरासमोर आणा. असा सांधा सहसा सुटत नाही.

सांध्याच्या बाहेरच्या तोंडाला दोऱ्याचे वेढे हवेतच, नाहीतर ते चिरतं. इपॉक्सी मात्र आत जाऊ देऊ नका. थेंबभर गेली तरी सांधा बसणार नाही.