फ्रेममध्ये कापडाचं माउंट कसं बसवायचं आणि त्याचा रंग कसा ठरवायचा

माउंट म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती दिसणारी, मध्ये खिडकी कापलेली बोर्डाची चौकट. तिच्यावर कापड चढवायचं असेल तर आधी रंग ठरवा, कापड नंतर. चित्रातला सगळ्यात भडक रंग उचलून माउंटला द्यावासा वाटतो, पण तो नकोच, कारण मग नजर कडेलाच अडकते आणि चित्र बिचारं मागे पडतं. त्यापेक्षा चित्रात गुपचूप बसलेला एखादा रंग शोधा, सावलीतला करडा किंवा वाळक्या गवताचा पिवळट, आणि त्याहून जरा फिकं कापड घ्या. भडक रंग हवाच असेल तर कापडाच्या माउंटखाली त्या रंगाचं दुसरं साधं माउंट घाला, त्याची ३-४ मिमी पट्टी दिसली तरी भरपूर झालं. कापडाचे तुकडे चित्राशेजारी ठेवून दिवसा बघा आणि रात्री दिव्याखालीही बघा, फरक पडतो.

कापड लिनन किंवा साधं सुती बरं. रेशीम देखणं असतं पण त्यावर गमाचा डाग लगेच उठतो आणि धागेही सुटतात, त्यामुळे पहिल्यांदा ते नको. कापड पातळ आणि फिकं असेल तर खालचा बोर्ड पांढराच घ्या.

अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) माउंट बोर्डात चित्र दिसेल अशी खिडकी कापा, खालची पट्टी वरच्यापेक्षा ५-१० मिमी रुंद ठेवा, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. बोर्डावर पांढऱ्या पीव्हीए गमाचा (फेविकॉलसारख्या) पातळ थर लावून पूर्ण वाळू द्या, मग इस्त्री केलेलं कापड पसरा, विणीचे धागे खिडकीच्या कडेला समांतर आहेत ना ते नीट बघा (तिरके गेले तर लांबूनही कळतं), वर बटर पेपर ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबा. उष्णतेने गम परत चिकट होतो आणि ओला नसल्यामुळे कापडातून वर झिरपत नाही.

सगळं कसब कोपऱ्यात आहे. बोर्ड पालथा घालून खिडकीच्या आत २ सेमी कापड सोडा, मधला तुकडा काढून टाका. चारी कोपऱ्यांत टाचणीने गमाचा ठिपका द्या, म्हणजे धागे सुटत नाहीत, तो वाळला की कोपऱ्याकडे तिरपा काप द्या पण १ मिमी अलीकडे थांबा. पुढे गेलात तर समोरून बोर्ड दिसतो, फार अलीकडे थांबलात तर सुरकुती पडते. मग चारी पट्ट्या मागे ओढून चिकटवा. बाहेरचं जादा कापड सरळ कापून टाका, ती कड फ्रेमच्या खाचेत जाते.

चित्र जपायचं असेल तर कापडाच्या माउंटखाली ते दुसरं साधं माउंट घालाच, म्हणजे कापड चित्राला टेकत नाही, आणि तेही अ‍ॅसिड-फ्री घ्या. चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या बाजूला, जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट) दोन पट्ट्या आणि गव्हाची खळ लावून टांगा, सेलोटेप अजिबात नको, तो पिवळा पडतो आणि डाग सोडतो.