आज्जीचा हिरा साखरपुड्याच्या अंगठीत बसवताय? या चुका टाळा

लग्नाला पंधरा वर्षं झाली की घरोघरी दोन विषय निघतात: स्वयंपाकघरातला ओटा बदलायचा आणि साखरपुड्याची अंगठी मोठी करायची. आमचा ओटा अजून तसाच आहे. अंगठी झाली, पण एकदा बिघडून मग झाली, आणि त्यात चूक माझी किती आणि कारागिराची किती, हा हिशेब आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

माझ्या मूळ अंगठीत पाव कॅरेटचा हिरा होता. तो काढून तिथे आज्जीच्या एकखडी कर्णफुलातला खडा बसवायचा, एवढाच बेत. जोडीतलं दुसरं कर्णफूल आज्जीने कधीकाळी पंचगंगेच्या घाटावर हरवलं होतं, त्यामुळे हे एकटंच डबीत पडून होतं. (जोडी शाबूत असेल तर मात्र कृपा करून तिच्यातला एक खडा काढू नका. उरलेल्या एका कर्णफुलाचं पुढे काय करायचं, हे कुणालाच सुचत नाही.)

आता मागे वळून पाहते तेव्हा दिसतं की माझ्या सगळ्या चुका एकाच जागी उगवल्या. मी जुन्या हिऱ्याला नव्या हिऱ्याचं माप लावत होते. आज दुकानात मिळणारा गोल हिरा गणिताने कापलेला असतो. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ साली त्याची प्रमाणं मांडली आणि पुढे सगळी कापणी त्या वाटेने गेली. त्याआधीचे हिरे डोळ्याने आणि हाताने कापलेले. कच्च्या खड्याचं वजन जास्तीत जास्त राखायचं, हा तेव्हाचा हिशेब. म्हणून ते उंच, पोटाला खोल, वरचं सपाट तोंड लहान, खालचं टोक बोथट कापलेलं आणि कडा कुठे जाड तर कुठे सुरीसारखी पातळ. चौकोनाकडे झुकणाऱ्या जुन्या घाटाला ‘ओल्ड माइन कट’ म्हणतात, गोल घाटाला ‘ओल्ड युरोपियन’. आज्जीचा खडा पहिल्या जातीचा. हे मला आधी ठाऊक असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

कोंदण उघडण्याआधी काहीच न पाहणं

जुन्या कर्णफुलांचं कोंदण बहुधा पाठीमागून बंद असतं आणि आत खड्याखाली चांदीची पातळ पन्नी असते. खड्यातून आलेला उजेड ती परत वर फेकते. पन्नी चांगली असेल तर खडा आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो, काळवंडली असेल तर चांगला खडाही मेल्यासारखा वाटतो. म्हणजे बंद कोंदणात बघून कुणी रंग सांगितला, वजन सांगितलं, तर तो अंदाज समजायचा. मला गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एका ठिकाणी सांगितलं, “एक कॅरेट आरामात भरंल, वहिनी.” काढल्यावर भरला ०.७४. त्यात कुणी रतीत बोलतं, कुणी कॅरेटमध्ये. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, जगात कुठेही तेवढाच. रती मात्र बाजार बदलला की बदलते. चिठ्ठीवर कॅरेट लिहून घ्या, आणि तेही ‘सुमारे’ न लिहिता.

खडा काढण्याआधी दहापट भिंगातून त्याचे फोटो काढून ठेवा. हल्ली मोबाइलला लावायचं भिंग मिळतं. बहुतेक हिऱ्यांत एखादी खूण असतेच. माझ्यात कडेजवळ मोहरीच्या टोकाएवढा काळा ठिपका आहे. पूर्वी मी त्याला दोष समजत होते, आता ती माझी पावती आहे: खडा बदलला गेला नाही, हे त्या ठिपक्यावरूनच कळतं. कोंदण समोर उघडून घ्या. ‘ठेवून जा, उद्या या’ असं कुणी म्हणालं तर डबी उचलून घरी यायचं, वाईट वाटू द्यायचं नाही.

बंद कोंदणातला दागिना पाण्यात भिजत टाकू नका, उकळू तर मुळीच नका. पन्नीत पाणी शिरलं की ती गेलीच.

आणखी एक शक्यता. आतून खडा निघाला आणि तो खाली सपाट, वर घुमटासारखा असेल, तर तो रोझ कट. त्याला पोटच नसतं. असा खडा आजच्या फॅशनच्या उघड्या अंगठीत घातला तर त्यातून बोटाची कातडी दिसते, चमक कसली? त्याला पुन्हा बंद कोंदणच द्यायचं.

‘रेडी अंगठी आहे की, कशाला नवी करताय?’

ही माझी मोठी चूक. लग्नाचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. दुकानदाराने ट्रे पुढे केला, त्यात खडा नसलेल्या तयार अंगठ्या होत्या, चार प्रॉंगच्या, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या चार नख्यांच्या. त्यांचं गणित आजच्या गोल हिऱ्याचं. आज्जीचा खडा ५.२ गुणिले ५ मिलिमीटर आणि खोली ३.५. पाऊण कॅरेटचा म्हणून अंगठी घेतली तर तिचं तोंड साधारण ५.८ मिलिमीटरचं, खडा आत खुळखुळणार. तोंडाच्या मापाने घेतली तर ती अर्ध्या कॅरेटसाठी बनलेली, म्हणजे खोली कमी पडणार. मी दुसरी निवडली, कारण ती बोटात छान दिसत होती.

कारागीर आतल्या खोलीत, मांडीएवढ्या उंचीच्या टेबलाशी. अंगठी लाखेत रोवलेली. त्याने खडा ठेवला, एका बाजूने तो उचललेला राहिला. खालचं टोक धातूला टेकत होतं. “बसंल की, जरा दाबून घेतो,” असं म्हणून त्याने प्रॉंग वाकवायला सुरुवात केली. तिसऱ्या प्रॉंगला ‘टिक्’ असा आवाज आला, नखाने बांगडी वाजवावी तेवढा. तो थांबला. भिंग लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “कणी उडाली.”

हिरा कठीण असतो, म्हणजे त्याला ओरखडा सहज पडत नाही. पण ठरावीक दिशांनी तो चिरफळतो, आणि कडा पातळ असेल तिथे बारीकसा दाबही पुरतो. माझं ऐका: जुन्या खड्यासाठी तयार घर शोधायचं नाही, खडा पुढ्यात ठेवून घर बेतायचं. पातळ कडेच्या खड्याला चार टोकांवर तोलून धरणाऱ्या प्रॉंगपेक्षा सभोवार सोन्याची कड असलेलं कोंदण सुरक्षित. प्रॉंगच हवेत म्हणून अडून बसलात तर निदान सहा घ्या, आणि कड कुठे पातळ आहे ते कारागिराला आधी भिंगातून दाखवा. तो चिडेल. चिडू द्या.

माझी अंगठी शेवटी एका वयस्कर कारागिराने केली. त्याने खडा मेणावर उभा धरून चारी बाजूंनी मापलं, कागदावर काढलं आणि बारा दिवस मागितले. वाढदिवस बिनअंगठीचा गेला, कुणाचं काही अडलं नाही.

बावीसचा हट्ट

आपल्याकडे सोनं म्हणजे बावीस कॅरेट, त्याखाली बोलायचं नाही. (सोन्याचा कॅरेट आणि हिऱ्याचा कॅरेट यांचं एकमेकांशी काही नातं नाही, पहिला शुद्धता सांगतो, दुसरा वजन.) साजाला, पाटल्यांना बावीस ठीक. पण बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, म्हणजे ते मऊ. रोज भाकरी थापणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या हातात त्याचे प्रॉंग हळूहळू उघडतात. खडा धरणारा भाग अठरा कॅरेटचा, ७५ टक्के सोन्याचा, करून घ्या. सासूबाई नाक मुरडतील. त्यांना सांगा की सोनं थोडं हलकं चालेल, हिरा मोरीत गेलेला चालणार नाही.

हॉलमार्क असला की सगळं आलं, असंही समजू नका. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक हवा, तो तपासा. पण तो सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल एक शब्दही नाही.

‘पुन्हा कापून घ्या, मग बघा कसा चमकतो’

हा सल्ला फुकट मिळतो आणि महाग पडतो. पुन्हा कापला की वजन घटतं, आणि ज्या घाटासाठी जुना हिरा शोधणारे लोक जास्त पैसे मोजतात तो घाटच जातो. उरतो बाजारातल्यासारखा एक लहान हिरा. माझी कणी उडाल्यावरही मला हेच सुचवलं गेलं. मी नको म्हटलं. उडालेली जागा सोन्याच्या कडेखाली घेता येते, तशीच घेतली.

चमक कमी नसते, वेगळी असते. नवा हिरा झगझगीत दिव्यांखाली बारीक बारीक चमचमतो. जुन्याचे पैलू मोठे, त्यामुळे तो थांबून थांबून रुंद झळाळ्या टाकतो. दिवाळीत लाइट गेली होती तेव्हा समईच्या उजेडात मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. दुकानात त्याची परीक्षा दुकानातल्या दिव्यांखाली करू नका, बाहेर सावलीत या.

मधोमध बारीक ठिपका किंवा भोक दिसतं म्हणून घाबरणारेही असतात. ते भोक नव्हे, खालचं बोथट टोक वरून दिसतं. जुनेपणाची ती खूणच.

पिवळट वाटतो म्हणून पांढऱ्या धातूत

उलटं करा. जुन्या खड्यांत किंचित उबदार झाक असते बऱ्याचदा. व्हाइट गोल्डमध्ये किंवा भोवती नव्या शुभ्र हिऱ्यांची रांग लावली की तीच झाक पिवळी होऊन डोळ्यात येते. पिवळ्या सोन्यात ती विरून जाते. जाऊबाईंच्या अंगठीत हेच झालं, आता त्या भोवतीचे बारा हिरे काढून घ्यायला फिरताहेत.

घरात जुना खडा नसेल तर

बाजारात विचारताना ‘अँटिक’ शब्द जपून वापरा. आपल्या दुकानांत ‘अँटिक ज्वेलरी’ म्हणजे गेल्या महिन्यात बनवलेला, मुद्दाम काळसर-मंद पॉलिश केलेला दागिना. ‘जुन्या कटिंगचा हिरा’ असंच सांगा. आणि तेवढ्यानेही खात्री होत नाही, कारण जुन्या घाटात आज नव्याने कापलेले हिरे मिळतात, प्रयोगशाळेत वाढवलेलेही. दुकानातला पेन टेस्टर हिरा उष्णता किती झटकन वाहून नेतो ते बघतो. काचेला तो पकडतो, पण मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा त्याला चकवू शकतो आणि प्रयोगशाळेतला हिरा तर हिराच असल्यामुळे पास होतो. मोठी रक्कम जाणार असेल तर मुंबईच्या जेमोलॉजिकल, म्हणजे रत्नं तपासणाऱ्या लॅबचा कागद हवाच. महालक्ष्मी एक्स्प्रेसने एक रात्र जाते, एवढंच.

‘गोवळकोंड्याचा आहे’ या वाक्याचे वेगळे पैसे देऊ नका. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी निघेपर्यंत जगाचे बहुतेक हिरे भारतातलेच होते, हे खरं; पण १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेचे आले आणि जुन्या घाटाचे कितीतरी खडे तिथलेच. आमच्या आत्याचा मात्र ठाम दावा आहे. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची कोल्लूरची खाण कृष्णाकाठी, आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते, म्हणजे आज्जीचं हरवलेलं कर्णफूल माहेरी गेलं! लॅबच्या कागदावर हे येत नाही.

मोडीत काय देताय?

जुनी अंगठी मोडीत दिली की खड्याचं वजन वजा करून सोन्याचे पैसे मिळतात आणि लहान हिऱ्याची किंमत फारशी कुणी धरत नाही. तो परत मागून घ्या. माझ्या पाव कॅरेटची लेकीसाठी चमकी होणार आहे. आणि हो, मोडण्याआधी नवऱ्याला विचारा. मी विचारलं नव्हतं. ती अंगठी घ्यायला त्याने पहिल्या नोकरीचे सहा पगार साठवले होते, हे मला त्या दिवशी कळलं. आता जुन्या अंगठीचं सोनं आटवून नव्या अंगठीच्या कड्यात घेतलंय. घट गेली, पण वाद मिटला.

अंगठी झाली, आता कुरबुरी

निस्तेज दिसू लागली: हिऱ्याला तेलकटपणा पटकन धरतो. कणीक, लोणी, क्रीम सगळं पाठीला चिकटतं. कोंदण मागून उघडं असेल तरच कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. मोरीचं तोंड आधी झाका. जुन्या, कणी उडालेल्या किंवा आत चीर असलेल्या खड्याला अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या) मशिनमध्ये टाकू देऊ नका.

साडीत अडकते: कुठलं तरी टोक उचललंय. कापसाचा बोळा अंगठीवरून फिरवा, जिथे तंतू अडकेल तिथे बोट ठेवून तसंच दुकानात न्या. खडा हलतोय का ते बघायला अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा, आवाज आला तर त्या क्षणी काढून डबीत. दुरुस्तीला ज्योत लावणार असतील तर खडा आधी काढायला सांगा. तो निघत नसेल तर टाकणखाराचा लेप तरी हवाच, कारण तापलेल्या हिऱ्याचा पृष्ठभाग हवेत पांढुरका होऊ शकतो.

बोटात फिरते: जुना खडा उंच, म्हणून वरचा भाग जड. कडं लहान करायची घाई करू नका, मे महिन्यात ते सांध्यावरून निघणार नाही. आतल्या बाजूला खाली सोन्याचे दोन बारीक मणी डाग देऊन घ्या. मला ते सकाळच्या वेळी, आंघोळीआधी बोटाचं माप घेऊन करून दिले.