जुन्या ट्रॅक्टरचा क्लच खोलताय? मग फ्लायव्हील बघितल्याशिवाय परत जोडू नका

आमच्याकडं मोहोळ तालुक्यात वडलांनी घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर अजून चालू आहे, चार सिलिंडरचा, आवाज एकदम खणखणीत. मागच्या वर्षी ऊसाची ट्रॉली घेऊन चढाला लागला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही आणि लायनिंग (क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर) जळाल्याचा वास. तेव्हा मी घाईत नुसती क्लच प्लेट बदलली आणि दोन महिन्यात परत ट्रॅक्टर मधोमध तोडावा (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे) लागला, म्हणून हे लिहितोय.

खोलायच्या आधी दोन गोष्टी बघा, फुकटातल्या आहेत. एक म्हणजे क्लच पेडलचा फ्री प्ले, म्हणजे मोकळी चाल. साधारण इंचभर पेडल मोकळं दाबलं गेलं पाहिजे (तुमच्या मॉडेलचं माप मॅन्युअलमध्ये असतं). प्ले अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्लेटच्या, फिंगरवर (छोट्या दांड्यांवर) टेकून राहतं आणि प्लेट चांगली असली तरी स्लिप होते, म्हणजे घसरते, मग रॉड अॅडजस्ट केला की काम भागतं. आपल्याकडं पेडलवर पाय ठेवूनच चालवायची सवय लय जणांना आहे, त्यानं पण हेच होतं. दुसरं म्हणजे बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालचं भोक. तिथून तेल टपकतंय का बघा. काळं पातळ असेल तर इंजिनच्या मागच्या सीलचं, जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचं. मी नेमकं हेच बघितलं नव्हतं, नवी प्लेट तेलात भिजली आणि पैसे पाण्यात.

काम कारखान्याचा सीझन संपल्यावर काढा, आणि सोलापूरच्या उन्हात दुपारी पत्र्याच्या शेडखाली असली कामं करू नका बरं का, पाना हातात धरवत नाही. पक्की सपाट जागा पाहिजे. बॅटरी काढा, वायरिंग, डिझेलचे पाइप, स्टिअरिंगचा रॉड सोडवा, मागच्या चाकांना दगड लावा. आता सगळ्यात महत्त्वाचं, पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळं गिअरबॉक्सपासून सुटलं की इंजिन एका बाजूला कलंडतं. अॅक्सलच्या दोन्ही बाजूला लाकडी पाचरी ठोकूनच बोल्ट सोडायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीखाली वेगवेगळा आधार पाहिजे, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा, तो छातीत जातो. तोंडाला फडकं बांधून भागत नाही, चांगला मास्क लावा, पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसा.

आता फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या मागचं जड चाक, ज्याच्यावर क्लच प्लेट दाबून बसते. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली असेल तर गोल चरे पडलेले दिसतील, निळे डाग म्हणजे तापलेला, बारीक केसासारख्या रेषा म्हणजे उष्णतेच्या चिरा. वरवरच्या असतील तर लेथवर फेसिंग मारून (पातळ थर घासून) जातात, खोल किंवा बोल्टच्या भोकापर्यंत गेल्या असतील तर तो फ्लायव्हील वापरायचा नाही, फुटला तर पाय जाईल. काढायच्या आधी क्रँकच्या फ्लँजवर आणि फ्लायव्हीलवर पंच मारून खूण करा, कारण टायमिंगची खूण बऱ्याच इंजिनांत त्याच्यावरच असते, भोक बदललं तर ती खूण खोटी बोलायला लागते. जड असतो, दोघं लागतात, दोन बोल्ट काढून तिथं लांब स्टड लावले की तो अंगावर न येता सरकत बाहेर येतो.

आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं एक गोष्ट शिकवली. फ्लायव्हील परातीसारखा खोलगट असेल तर जेवढं प्लेटच्या बाजूचं घासलं तेवढंच प्रेशर प्लेट बसते त्या कडेचं पण घासावं लागतं, नाहीतर खोली वाढते, स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि नवी प्लेट पण स्लिपच होणार. हे त्याला तुम्हीच सांगा, सगळ्यांच्या लक्षात राहत नाही.

रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी रिंगचे (स्टार्टर हिच्यातच अडकतो), दात फिरवून बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक दोनच जागी थांबतं, म्हणून समोरासमोरच्या दोन जागीच दात खाल्लेले असतात. रिंग चांगली असेल तर तापवून काढून पाव वळसा फिरवून बसवता येते. तापवायची २०० ते २५० डिग्रीपर्यंत, लाल करायची नाही, दातांचं पाणी जातं. बसल्यावर पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या.

उघडलंच आहे तर दोन्ही सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) बदलून टाका, मजुरी तीच. पायलट बेअरिंग निघत नसेल तर भोकात ग्रीस गच्च भरा आणि बरोबर बसेल असा रॉड घालून हातोडा मारा, मागून दाबानं ते आपसूक बाहेर येतं. नवं रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

जोडताना प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल पेट्रोलनं पुसा. प्लेटची बाजू बघा, बहुतेक प्लेटचा स्प्रिंगवाला फुगीर भाग गिअरबॉक्सकडं येतो. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतो आणि क्लच सुटतच नाही. मध्य साधायला डमी शाफ्ट (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारखा नकली दांडा) वापरा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, फिंगर सगळे एका उंचीवर आणा. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीसचा नुसता हात लावा, जास्त झालं तर ते उडून प्लेटवरच जाणार.

गिअरबॉक्स आणि इंजिन जवळ आणताना शेवटचा इंचभर जात नाही तेव्हा माणसाला बोल्टनं ओढायचा मोह होतो. ओढू नका, हाउसिंगचा कान तुटतो. गिअर टाकून शाफ्ट जरा हलवा, स्प्लाइन जुळले की ढकलल्यावर आपोआप बसतं.

चालू करून क्लच दाबा, दोन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाका, खरखर नको. पहिले काही दिवस हलकं काम, मग फ्री प्ले परत मापा, लायनिंग बसल्यावर तो कमी होतो. आणि आठ दिवसांनी ते खालचं भोक बोटानं चाचपून बघा, कोरडं असेल तरच ट्रॉली जोडा.