पेग नळी काढताना या चुका टाळा

पेग नळी म्हणजे पोटाच्या त्वचेतून थेट जठरात अन्न देण्यासाठी बसवलेली नळी. ती बाहेरून साधारण सारखीच दिसते. जठरात तिला धरून ठेवणारा भाग मात्र वेगवेगळा असतो: कुठे पाण्याने भरलेला फुगा, कुठे सिलिकॉनचा बंपर, म्हणजे नळीच्या आतल्या टोकाची चकती. नळी कशी काढायची हे त्यावरच ठरतं. म्हणून आधी नळी बसवल्याचा कागद शोधा. नसेल तर जिथे बसवली तिथे प्रकार विचारा.

फुग्याच्या नळीत प्रशिक्षित व्यक्ती सिरिंजने झडपेतून सगळं पाणी काढते आणि नळी अलगद निघते. पाणी येत नसेल तर जोर लावू नका, नळी कापूही नका. आतला तुकडा जठरात निसटू शकतो.

बंपर मऊ, दुमडणारा असेल तर डॉक्टर तो बाहेरून ओढून काढतात. कडक असेल तर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून जठरात दुर्बीण घालणं, लागते. तिसरी पद्धत म्हणजे नळी त्वचेजवळ कापून बंपर आत सोडायचा आणि तो शौचावाटे पडू द्यायचा. ही सोपी वाटते, म्हणूनच तिच्याबद्दल सावध राहावं. बंपर आतड्यात अडकल्याची उदाहरणं आहेत. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा आतडं कुठे अरुंद असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. लहान मुलांमध्येही हा धोका जास्त असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका.

नळी फिरत नसेल, आतबाहेर सरकत नसेल, तर बंपर जठराच्या भिंतीत रुतलेला असू शकतो. तेव्हा ओढलं तर भिंत फाटू शकते.

घाईही नको. जठर आणि त्वचेमधला मार्ग पक्का व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, कुपोषित रुग्णात जास्त. त्याआधी नळी निसटली तर ती घरी परत घालू नका, ती पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. जुनी नळी निसटली तरी लगेच रुग्णालय गाठा, कारण छिद्र काही तासांतच आकसू लागतं. नवी नळी जठरातच आहे याची खात्री होईपर्यंत तिच्यातून काहीही देऊ नका.

नळी कायमची काढायची असेल तर रुग्ण तोंडाने पुरेसं खातो का, गिळताना ठसका लागतो का, वजन टिकतंय का, हे आधी तपासून घ्या. छिद्र बहुधा काही दिवसांत बुजतं. तोवर थोडं पाझरतं, कोरडं ड्रेसिंग पुरतं. पाझर आठवड्यांनंतरही थांबला नाही तर डॉक्टर आम्ल कमी करणारी औषधं, छिद्र बंद करणारी क्लिप किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतात. ताप, पोट कडक होणं, उलट्या किंवा रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी दाखवा.