सीडीत जास्त डेटा बसवताना या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीतून पन्नास कोऱ्या सीड्यांचा डबा आणायचा, घरी येऊन पहिल्याच सीडीवर ७०० ऐवजी ७३० एमबी कोंबायला बसायचं आणि तिसरी सीडी वाया गेली की मला फोन करायचा, "ड्राइव्ह गेलाय का, जरा बघ ना." हे फोन मला कित्येक वर्षं येताहेत. जुन्या गाडीतल्या प्लेअरसाठी, कारखान्यातल्या जुन्या संगणकासाठी, आजीच्या टू-इन-वनसाठी अजून सीडी लागते, म्हणून ते थांबतही नाहीत. ड्राइव्ह बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

मुळात चुकतं ते माप. सीडी एमबीत नाही, मिनिटांत मोजतात. ८० मिनिटांच्या सीडीत सेकंदाला ७५ प्रमाणे ३,६०,००० सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, असतात. डेटा लिहिताना प्रत्येकात २,०४८ बाइट बसतात, म्हणजे सगळे मिळून ७०३ एमबी. गाणी लिहिताना मात्र त्याच सेक्टरमध्ये २,३५२ बाइट जातात. म्हणून ८०७ एमबीच्या वेव्ह फायली ऑडिओ सीडीत आरामात मावतात आणि लोक विचारतात, "गाणी आठशे बसतात, मग माझे फोटो का नाही?" कारण डेटाच्या प्रत्येक सेक्टरमधले २७६ बाइट चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ओरखडा पडलेल्या सीडीवरचीही फाइल उघडते ती त्यांच्या जिवावर. ही जागा फुकट गेलेली नाही.

तरी ती हवीच असेल, तर व्हीसीडीची, म्हणजे व्हिडिओ सीडीची पद्धत आहे. तिच्यात सेक्टरला २,३२४ बाइट मिळतात आणि सीडीत जवळपास ७९८ एमबी मावतात. व्हिडिओला हे चालतं. एखादा बाइट बिघडला तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतो, इतकंच. पण या पद्धतीने झिप फाइल किंवा हिशेबाची कागदपत्रं ठेवू नका. तिथे एक बाइट बिघडला तरी अख्खी फाइल उघडेनाशी होऊ शकते.

आता ओव्हरबर्न, म्हणजे सीडीच्या ठरलेल्या मापापेक्षा जास्त लिहिणं. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण यात मी स्वतः पोळलो आहे.

सदाशिव पेठेत आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांच्या आईच्या घरगुती बैठकीची कॅसेट आणून दिली. खरखर काढून, मधल्या गप्पा छाटून गाणं उरलं ८१ मिनिटं ४० सेकंद. मी म्हटलं, "काकू, दोन सीड्या कराव्या लागतील." त्या म्हणाल्या, "नको रे बाबा, दोन केल्या की दुसरी हरवते. एकीतच बसव." मीही बसवलं. नीरो या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरबर्न चालू केलं, आधी सिम्युलेशन, म्हणजे लिहिण्याची रंगीत तालीम केली, मग सीडी लिहिली. माझ्या संगणकावर शेवटपर्यंत वाजली.

काकूंच्या आईच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते. दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी ती सीडी हॉलमधल्या प्लेअरमध्ये लावली. सव्वा तास सुरेख गेला. मग भैरवी सुरू झाली आणि अंतऱ्यावर येताच प्लेअर टक् टक् करू लागला. एकच सूर तीनदा अडकला आणि गाणं बंद. पुसून पुन्हा लावली, तरी तिथेच. काकू काही बोलल्या नाहीत, पण पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते. लीड-आउट, म्हणजे शेवटची समाप्तीची पट्टी, कुठे सुरू व्हायचा याची खूण कोऱ्या सीडीच्या खोबणीत आधीच असते, आणि तो लीड-आउट पहिल्या सेशनला, म्हणजे पहिल्यांदा लिहिलेल्या भागाला, ९० सेकंदांचा असतो. ओव्हरबर्न म्हणजे त्या खुणेपुढे, कडेच्या राखीव पट्ट्यात लिहिणं. ज्यावर लिहिलं जातं तो रंगाचा थर कडेलाच सर्वांत बेभरवशाचा असतो आणि आपली बोटंही तिथेच लागतात. म्हणजे बैठकीत जे शेवटी येतं, तेच सर्वांत कच्च्या जागी जातं. सिम्युलेशनचाही भरवसा धरू नका. त्यात लेसर प्रत्यक्ष जाळत नाही. ड्राइव्ह तिथवर जायला तयार आहे एवढंच कळतं, थर टिकेल की नाही ते नाही.

कॅसेट सुदैवाने माझ्याकडेच होती. मध्यंतराला तोडून दोन सीड्या केल्या. काकूंनी दोन कप्प्यांची कापडी पिशवी शिवली, दुसरी अजून हरवलेली नाही. ओव्हरबर्न करायचंच असेल, तर डिस्क-ॲट-वन्स, म्हणजे सगळी सीडी एका दमात लिहिण्याची पद्धत लावा आणि मूळ प्रत पुसू नका. मी स्वतः आता ७८ मिनिटांना थांबतो.

९० आणि ९९ मिनिटांच्या सीड्या मिळायच्या. त्यांच्या खोबणीची वळणं ठरलेल्या मापापेक्षा दाटीने असतात आणि कित्येक प्लेअर त्या घेत नाहीत. प्लेक्स्टर कंपनीच्या काही ड्राइव्हमध्ये गिगारेक नावाची सोय होती, तिने साध्या सीडीत १.४ पटीपर्यंत डेटा जायचा. पण दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये ती सीडी चालेलच याची खात्री नाही. दुसऱ्याला द्यायच्या सीडीवर असले प्रयोग नकोत.

जागा कमी पडते म्हणून तक्रार करणारे बरेच जण ती स्वतःच उडवतात. रोज थोडं थोडं लिहून मल्टिसेशन, म्हणजे सीडी पुढे लिहायला मोकळी, ठेवली, की पहिल्या सेशनला सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला १३ एमबी नुसत्या लीड-इन, लीड-आउट या सुरुवातीच्या-शेवटच्या पट्ट्यांत जातात. दहा दिवसांत सव्वाशे एमबीच्या वर गेले. आठवडाभर फोल्डरमध्ये साठवा आणि एकदाच लिहा. एवढा धीर नवशिक्यांना का नसतो, मला खरंच कळत नाही.

जेपीजी आणि एमपीथ्री झिप करून जागा जवळपास वाचतच नाही. हजारो बारक्या फायली मात्र जरूर झिप करा: २०० बाइटची फाइलही अख्खा सेक्टर अडवते, म्हणून २ एमबीच्या १०,००० फायली सीडीवर २० एमबी खातात.

रीरायटेबल सीडी पेनड्राइव्हसारखी वापरायला फॉरमॅट केली तर साडेपाचशे एमबीच्या आसपासच उरतात.

कागदी लेबल चिकटवू नका, सीडीचा तोल जातो. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा.

आणि सीडी दुसऱ्या मशीनवर तपासा, शक्यतो घरातल्या सर्वांत जुन्या. मी शेवटची पाच मिनिटं आधी ऐकतो, सुरुवात नंतर.